पहिल्या मानाची दूधगाडी

आमच्याकडं पोळ्याच्या बैलापासून लग्नातल्या फेट्यापर्यंत सगळं मानानं चालतं. पण दूधगाडीसुद्धा मानानंच फिरते, हे मला त्या दुष्काळी उन्हाळ्यात कळलं.

चौसाळ्याकडच्या हमरस्त्यालगत डेअरीचं शीतकेंद्र. त्याच्या जवळचं ते खालचं गाव, आणि लांबचं, डोंगरावरचं, माझ्या मावशीचं. सहकारी दूध संस्था आधी खालच्या गावात निघाली, म्हणून गाडी आधी त्यांच्या दारात. तिथं कॅन भरायचे, चहा व्हायचा, मग भरलेली गाडी डोंगर चढायची, मावशीच्या गावचं दूध घ्यायची आणि पुन्हा खालच्या गावावरूनच शीतकेंद्राला जायची. तोवर वरचं दूध उन्हात वाट बघून नासलेलं. डेअरीनं निरोप धाडला: अजून एकदा नासकं आलं तर वरची फेरी बंद. शेत करपलं होतं. मावशीची चूल एका म्हशीवर पेटत होती.

त्याच आठवड्यात 'पुरवठा साखळी' शिकवायला पुण्याचे साहेब आले. प्रशिक्षण कुठं? खालच्या गावात. बोलावणं कुणाला? पदाधिकाऱ्यांना. म्हणजे ज्ञानालाही डोंगर चढायचा कंटाळा! एरवी मी लगेच निषेधाचं पत्रक काढलं असतं. या वेळी मावशीला घेतलं आणि त्याच दूधगाडीत बसून निघाले.

"दादा, गाडी रिकामी असतानाच आधी वर नेली तर?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"लई सोपं व्हईल. रिकामी चढंल, भरत भरत उतरंल. डिझेलबी वाचंल."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"विचारलंय कुणी?"

मंडपात साहेबांनी फळ्यावर बाणच बाण काढले होते. "काही शंका?" म्हणाले.

मी उठले. "शंका न्हाई, तक्रार हाय. अध्यक्ष काका, तुमचं दूध रोज डोंगर बघून तुमच्याच दारावरून परत जातं. सहलीला धाडता का त्याला?"

मंडप खदखदून हसला. खालच्या गावच्या संस्थेचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. टोपी नीट करत म्हणाले, "पोरी, पहिला मान आमचा. तो सुटणार न्हाई."

सरंजामशाहीवरचं माझं अख्खं भाषण ओठांवर आलं होतं. मावशीनं हाताला धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"मान सोडा म्हणतंय कोण, भाऊ? पंगतीत पाव्हणे आधी जेवत्यात, घरधनी शेवटी. आमी डोंगरावरचे पाव्हणे. घरधनी तुमी."

अध्यक्षांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आता घरधनी म्हणल्यावर... शेवटीच बसावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी वर गेली. शीतकेंद्रातल्या माणसानं मावशीच्या गावचा कॅन उघडला, वास घेतला, चाचणी केली आणि मान हलवून कॅन आत घेतला. फेरी वाचली.

पुढच्या प्रशिक्षणात आणखी गावं आली होती आणि फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते खुद्द अध्यक्ष. "ही युक्ती मला सुचली," ते सांगत होते. माझं डोकं तापलं. उठणार, तेवढ्यात मावशीचं कोपर बरगडीत बसलं.

"गप बस. ऐकायलीत की सगळी त्याचं. तुझं ऐकलं असतं का?"