घाटकोपरच्या अंगणातलं कुंगाहेल्ला

आमच्या चाळीत दिवाळीचा किल्ला मुलगे करायचे, नाहीतर त्यांचे बाप. आमच्या घरात मुलगा नव्हता आणि बाप बहुतेक वेळ समुद्रावर, म्हणून आमचा किल्ला आई करायची. दरवर्षी सिंधुदुर्ग. ती मालवणची. दुसरा किल्ला कुणी सुचवला तर तिला तो ऐकूच यायचा नाही.

बाबा परदेशी मालवाहू जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघायचे. वर्ष-दीड वर्ष तिकडे, मग दोन-तीन महिने घाटकोपरला. घरी आले की ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसायचे. नीट टेकून बसायची सवय होईपर्यंत जायची वेळ यायची. ऐंशीच्या दशकातल्या एका दिवाळीला ते घरी होते, हेच नवल. मी तेव्हा कॉलेजात होते. एजंटाचा निरोप आधीच येऊन पडला होता, दिवाळी झाली की भेटा, जहाज तयार आहे. आता पुरे, घरी राहा, असं आईने त्यांना एकदाच सांगितलं. बाबा म्हणाले, बघूया. आमच्या घरात बघूया म्हणजे जातो, हे आम्हा दोघींना पाठ होतं.

त्या वर्षी बाबा म्हणाले, किल्ला मी करतो. आईने मातीचं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं आणि ती चकल्या पाडायला बसली.

बाबांनी दगड-विटा रचल्या नाहीत. गोणपाट जमिनीवर सरळ पसरलं, त्यावर लाल मातीचा चिखल थापला आणि बोटाने नदी ओढली. नदीकाठी काड्यापेट्यांची घरं ओळीने मांडली, एक धक्का केला, एक मठ केला. किल्ला म्हणावा असा एकच उंचवटा, तोही दूर कोपऱ्यात, नदीला फाटा फुटतो तिथे. येणारा-जाणारा विचारायचा, किल्ला कुठाय? बाबा सांगायचे, हा किल्ला नाही, गाव आहे. कुंगाहेल्ला.

जहाज एकदा स्वीडनच्या बंदरात दुरुस्तीला अडकलं होतं. जहाजाचा म्हातारा चीफ इंजिनियर त्याच भागातला. तो सुट्टीच्या दिवशी बाबांना बसने घेऊन गेला आणि एका कुरणापुढे उभं करून म्हणाला, हे आमचं जुनं शहर. बाबांना गवत दिसलं, गाई दिसल्या आणि नदी. बाकीचं त्याने तोंडी सांगितलं. दोघांचं मोडकंतोडकं इंग्रजी एकत्र करून जेवढा इतिहास होईल तेवढा बाबांनी घाटकोपरला आणला होता. पुढे मी लायब्ररीत पडताळून पाहिला. बराचसा बरोबर निघाला, याचं मला आजही थोडं आश्चर्य वाटतं.

आता तो भाग स्वीडनमध्ये आहे, पण त्या काळी ते गाव नॉर्वेच्या टोकाला होतं. तिथून जवळच स्वीडन, जवळच डेन्मार्क. जहाजं नदीतून थेट दारात यायची, म्हणून गावाची चैन होती आणि म्हणूनच त्याची वाटही लागायची. समुद्रापलीकडून लोक आले आणि गाव लुटून जाळून गेले. गाव पुन्हा उभं राहिलं, पण पूर्वीची शान आली नाही. पुढे शतकं लोटल्यावर लढाईत ते पुन्हा जळालं, तेव्हा राजाने हुकूम काढला की आता इथे राहू नका, नदीच्या वरच्या अंगाला मोठ्या किल्ल्याच्या पायथ्याशी चला. लोक गेले. जुन्या जागी नांगर फिरला, मग गवत आलं.

चाळीतल्या बायका फराळाची ताटं घेऊन येता-जाता थांबायच्या आणि बाबा रंगात यायचे. इतकं बोलताना मी त्यांना घरात कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. आमच्याशी बोलायला त्यांना स्वीडनचं गाव लागत होतं.

एकदा ते तीन राजांची गोष्ट सांगत होते. त्या गावाजवळ तिन्ही देशांचे राजे भेटले आणि तह झाला. तह पक्का राहावा म्हणून स्वीडनच्या राजाने आपली मुलगी नॉर्वेच्या राजाला दिली.

आईने सोऱ्या खाली ठेवला. "त्या चेडवाक कोणी इचारला?"

"राजाच्या चेडवाक कोण इचारतलो?" बाबा म्हणाले.

आईने पुन्हा चकली पाडायला घेतली. ती चकली वेडीवाकडी झाली, आणि आई चकल्यांच्या बाबतीत फार कडक होती.

आसपासच्या चाळींची किल्ल्यांची स्पर्धा असायची, तिच्या आदल्या दिवशी चाळीचे सेक्रेटरी बघायला आले. नदीचं त्यांनी कौतुक केलं, मग कमरेवर हात ठेवून म्हणाले की सगळं झकास आहे हो, पण महाराज कुठे बसणार? बाबांनी मातीचे मावळे, हत्ती, महाराज सगळे खोक्यातच ठेवले होते. आमच्याकडे महाराजांशिवाय किल्ला म्हणजे गणपतीशिवाय मखर. आई उठली, खोक्यातून सिंहासन काढलं आणि त्या दूरच्या उंचवट्यावर नेऊन ठेवलं. महाराज तिथून सबंध कुंगाहेल्ल्यावर लक्ष ठेवू लागले. सेक्रेटरींचं समाधान झालं. बक्षीस अर्थात शेजारच्या चाळीच्या प्रतापगडाला मिळालं.

बाबांनी गावाबाहेरच्या कुरणात अळीव पेरलं होतं. घरांवर आणि रस्त्यांवर एक दाणा पडू दिला नव्हता. भाऊबीजेला ते मामांना पोचवायला स्टेशनवर गेले, तेव्हा आई वाटीभर अळीव घेऊन अंगणात गेली. घरांची छपरं, धक्का, मठ, सगळ्यांवर तिने ओला चिखल सारवला आणि अळीव विखुरलं. मी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, शोभेला. त्यानंतर पाणी शिंपडायचं कामही तिने स्वतःकडे घेतलं. बाबांची बॅग भरायची गडबड चालली होती, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

आठवड्याने, एजंटाकडे जायच्या दिवशी, ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि अंगणात थबकले. गाव राहिलं नव्हतं. नदीपासून कोपऱ्यापर्यंत हिरवं दाट अळीव वाऱ्यावर हलत होतं. वर महाराज, खाली गवत.

"घरांर कित्याक पेरलंस?" त्यांनी विचारलं.

आई उंबऱ्यात उभी होती. "माणसां असतानाचो गाव तुमी केलास," ती म्हणाली. "माणसां गेल्यावरचो मी केलंय." आणि ती आत गेली.

बाबा इस्त्रीच्या शर्टानिशी उकिडवे बसले आणि धक्क्याजवळच्या पहिल्या घरावरचं अळीव उपटायला लागले. छप्पर निघू नये म्हणून एकेक रोप चिमटीत धरून. मी खिडकीतून बघत होते आणि एजंटाची वेळ टळावी म्हणून देवाला विनवत होते. एक घर मोकळं झालं, मग दुसरं. ऊन अंगणभर आलं. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

दुपारी नदीकाठची सगळी ओळ दिसायला लागली होती. आईने आतून हाक मारली, जेवून घ्या. बाबांनी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट काढून खुंटीला टांगला आणि पाटावर भिंतीला पाठ टेकून बसले.