कोरडी टाकी

आमच्या साडूंना सगळे 'खात्री' म्हणतात. दूधवाला असो, डॉक्टर असो, त्यांचा प्रश्न ठरलेला: खात्री काय? जिन्यावर पाय ठेवण्याआधी ते कठडा हलवून बघतात, आणि जिना त्यांच्याच घरातला. लग्नात त्यांनी फोटोवाल्याला कॅमेरा उघडून आत रोल आहे का ते दाखवायला लावलं होतं. रोल होता, त्याला उजेड लागला. म्हणूनच त्यांच्या लग्नाचा फोटो नाही.

बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रंग मारला. मी शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकायचो. माणूस जन्मापासून असा नव्हता. एका सकाळी रंगखात्यातली हवेची टाकी तळातून फाटली. साडूंचा जोडीदार तेव्हा तिच्या शेजारून पाइप ओढत चालला होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. टाकी बाहेरून आरशासारखी होती. आतून गंजून तिचा पापुद्रा झाला होता. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. ते रोज सोडलं नाही तर लोखंड आतल्या आत खाल्लं जातं आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. त्या दिवसापासून साडूंचा रंगावरचा विश्वास उडाला. आणि रंग मारणं हाच त्यांचा धंदा. तो त्यांनी निवृत्त होईपर्यंत केला, चोख केला.

त्यांची मुलगीही याच वाटेने गेली. फर्निचरच्या कारखान्यात लाकडावर लॅकर मारायला शिकली, हात बसला, मग नोकरी सोडून तिने घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. खिडकी मोठी केली, वास ओढून घेणारा पंखा बसवला. पहिलं काम मिळालं ते एका स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांचं. दारं घासून, पुसून, भिंतीला ओळीने टेकवून ठेवली होती. अडलं होतं फक्त रंगाच्या गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी. गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. काम होत नसेल तर दारं उचलून नेतो म्हणत होतं.

कॉम्प्रेसर निवडायला बाप बरोबर येणार म्हटल्यावर पोरीने कपाळावर हात मारला. पण नाही म्हणाली नाही. मागच्या खोलीची एक भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. टाकी त्याच भिंतीशी बसणार. भिंतीच्या एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला माझी मेव्हणी. साडूंना झोप का लागत नव्हती, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही. मी सोबत गेलो तो उचलायला.

आधी दुकान. विक्रेत्याने खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा मोठा आकडा दाखवला. साडू म्हणाले, घोडे राहू देत, हवा किती देतं ते सांगा. रंगाची गन हवा सारखी ओढत राहते. टायर भरायला पुरतं ते मशीन गनला पुरत नाही. टाकी लहान, तर मोटर थांबतच नाही. मग सगळं तापतं, गरम हवेबरोबर पाणी नळीत येतं आणि लॅकरवर थेंब उठतात. एवढं पोरीलाही ठाऊक होतं. ती खोक्याच्या मागचे बारीक आकडे वाचत होती. साडूंनी मशीन काढून चालवून दाखवा म्हटलं. विक्रेता म्हणाला, काका, सीलबंद आहे आणि वॉरंटी आहे. साडू म्हणाले, म्हणजे बिघडणार हे तुम्हाला माहीत आहे. पोरीने आकडे वाचून संपवले आणि नकारार्थी मान हलवली. मशीन खरंच लहान होतं. आम्ही निघालो.

मग एका बंद पडलेल्या गॅरेजमधलं जुनं मशीन. पट्ट्यावर चालणारं, मोठ्या टाकीचं, हवं तसं. नुकताच निळा रंग मारलेला. गॅरेजवाल्याने चहा सांगितला. साडूंनी घेतला नाही. ते खाली बसले, तळाशी बोटाच्या पेरांनी ठोकत गेले. एका जागी आवाज बसका आला. तिथे नखाने खरवडलं. निळ्याखाली लांबी निघाली, लाकडाच्या भेगेत भरतात तीच. साडूंनी चष्मा खिशात घातला आणि चालायला लागले. गॅरेजवाला मागून आला, काय झालं म्हणून. साडू म्हणाले, "लांबी कुणी भरली? हात चांगला आहे त्याचा."

तिसरं मशीन एका बाईकडे होतं. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो गेला, मशीन राहिलं. अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली ते विटेवर उभं होतं. रंग उडालेला, पण मूळचाच. पट्टा ताणलेला. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून ओढून गुळगुळीत झालेली. टाकीवर बनवणाऱ्याची पट्टी शाबूत होती. पोरीने ती वाचली, गनच्या गरजेशी ताडून बघितली आणि तिथेच म्हणाली, हेच घ्यायचं. बाईने मशीन चालवून दाखवलं. भरलं, आपोआप थांबलं, मग दाबाचा काटा जागचा हलला नाही.

साडूंनी हवा सोडायला लावली. मग तळाचा कॉक उघडला आणि खाली हात धरला. पाणी आलं नाही. गंजाचा लाल थेंबसुद्धा आला नाही. त्यांनी बोट आत घालून फिरवलं. बोट स्वच्छ.

दुसरा कुणी खूश झाला असता. साडूंचा चेहरा उतरला. चालत्या टाकीत थोडं तरी लाल पाणी निघतंच, त्यांनी जन्मभर काढलेलं आहे. मशीन आता आमच्यासमोर भरलं ते थोडा वेळ, हे खरं. पण मागचं काय? त्यांनी बाईला सरळ विचारलं, आतून धुतली का?

बाई म्हणाली, नाही.

"मग कोरडी कशी?"

"पाणी सोडते म्हणून कोरडी."

"पाट्यांचं काम बंद आहे म्हणता, मग पाणी कुठून सोडता?"

बाईने कमरेवर हात ठेवले. "घ्यायचं नसेल तर राहू द्या. पण मी काही लपवलं म्हणू नका. माझ्या अंगणात उभं राहून तर मुळीच म्हणू नका."

पोरगी मला म्हणाली, काका, यांना घरी न्या. मीच मध्ये पडलो. टाकी घरी नेऊन पाण्याचा दाब देऊन तपासू, टिकली तर घेऊ, असं सुचवलं. बाई म्हणाली, न्या, पण काहीतरी ठेवून जा. पैसे नकोत, पैसे कुणीही ठेवतं. तुम्हाला परत यावंच लागेल असं काहीतरी. तिची नजर साडूंच्या पिशवीवर गेली. पिशवीत त्यांची गन होती, चाचणीसाठी आणलेली. ती गन त्यांनी सख्ख्या भावाला हातात धरू दिली नव्हती. बाईने हात पुढे केला. साडूंनी पोरीकडे बघितलं. पोरगी आभाळाकडे बघत होती. गन गेली.

पाण्याची तपासणी हे घाम काढणारं काम आहे. पंप आणि मोटर उतरवा. सगळी भोकं बंद करा, सर्वांत वरचं तेवढं मोकळं ठेवा. टाकी तिरकी करत करत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पत्रा फाटलाच तरी नुसती चीर पडते, स्फोट होत नाही. हवा राहिली तर होतो. प्लंबरकडून हातपंप आणला. भरलेली टाकी हलवताना माझ्या पाठीने मला दोनदा आठवण करून दिली की मीही निवृत्त आहे. साडूंनी सगळ्या सांध्यांवर आणि तळावर कोरडा खडू फासला. पत्र्यातून ओल आली की खडू लगेच काळवंडतो. मग नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब दिला आणि काट्यासमोर स्टूल टाकून बसले. जेवायला उठले नाहीत. काटा हलला नाही. खडू पांढरा राहिला.

पोरगी म्हणाली, झाली खात्री?

साडू म्हणाले, आज टिकली. पातळ किती झाली ते कुठे कळलं? धुतलेली वस्तू आहे ती.

पोरीने तिथेच ठरवलं. टाकी तिने पालथी करून पाणी काढलं, पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, काका, देऊन या. बाबांना यायचं तर येऊ देत. साडू आले. गनसाठी.

बाईने गन मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती. साडूंनी दारातच ती उघडून सुई बघितली, नोझल बघितलं. पैसे घेताना तिने विचारलं, "पाणी भरलंत म्हणता, मग सुकवली का?"

साडू म्हणाले, पालथी ठेवली आहे.

"पालथी?" बाई उंबऱ्याच्या बाहेर आली. "पालथी ठेवून काय होतं? आतल्या कडांना पाणी धरून राहतं. गरम वारा सोडा आत. दोन्हीकडची बुचं काढून सोडा. आणि आत्ता जा, उद्या नको. अहो, ते दवाखान्यात होते तेव्हाही फोन करून विचारायचे, कॉक उघडलास का. मी आठवड्याला मशीन चालवून पाणी सोडते ते काय तुम्ही एका दिवसात गंजवावं म्हणून?"

रंगखात्यात साडूंनी लोकांना हेच शब्द ऐकवले होते, याच आवाजात. त्यांना उलटून ऐकवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. "जातो," म्हणाले, आणि खरंच भरभर चालत सुटले. घरी आल्यावर केस सुकवायचं यंत्र घेऊन टाकीला वारा देत बसले. मेव्हणी म्हणाली, माझ्या डोक्याला इतक्या वर्षांत कधी दिला नाही.

मशीन जोडलं. टाकीत पहिली हवा भरताना जवळ कुणी थांबायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा नियम. पोरीने वायर लांबवून बटण अंगणात आणलं. साडूंनी मेव्हणीला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. टाकी भरली, मोटर थांबली. आम्ही कान देऊन उभे. काही झालं नाही.

आता आत कुणीतरी जायला हवं होतं. साडू निघाले.

"बाबा, थांबा," पोरगी म्हणाली. "आधी मी बघतो, मग तू ये, असंच म्हणणार ना? मग उद्याही तुम्हीच आधी. परवाही. काम तुमचं आहे की माझं?"

"काम तुझंच आहे. टाकी..."

"टाकीही माझीच."

तिने मास्क चढवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी वाजली. साडू दारासमोर हात अर्धा वर करून उभे राहिले. ठोठावलं नाही. थोड्या वेळाने आतून गनचा आवाज यायला लागला, सलग, मधे न अडखळता. दाब उतरला तशी मोटर सुरू झाली, भरलं तशी थांबली. पुन्हा गन. त्यांनी मोटरची ती चालू-बंद बराच वेळ ऐकली. ती कुठे लांबते का, म्हणजे हवा कुठून गळते का, हे ते ऐकत होते. लांबत नव्हती.

मेव्हणी अंगणात हात बांधून उभी होती. साडू तिच्याकडे न बघता म्हणाले, "जा तू आत. चहा टाक."

ती स्वयंपाकघरात गेली. ते तिच्या मागोमाग गेले आणि टाकीकडच्या भिंतीला पाठ लावून बसले.