पाचटाच्या धुरातल्या बरण्या

लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्यात आले तेव्हा सासऱ्यांचं कुंभारकामाचं चाक जवळपास थांबलेलंच होतं. उन्हाळ्यात थोडे माठ, संक्रांतीला सुगडी, नवरात्रात घट, एवढंच काम उरलेलं. घर चालायचं ते नवऱ्याच्या कंपनीतल्या पगारावर. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा पुण्याच्या एक बाई गावाबाहेर जागा घेऊन राहायला आल्या. मातीकाम शिकलेल्या होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. त्यांना जपानी पद्धतीच्या बरण्या करायच्या होत्या, राकू म्हणतात त्याला. पण एवढ्या उंच बरण्या चाकावर काढणारा हात त्यांना हवा होता, तो मामांचा मिळाला. बरण्या घडवून आमच्या भट्टीत एकदा भाजून द्यायच्या, पुढची भाजणी ताईंच्या गॅसच्या भट्टीत. माती तयार करायची आणि भट्टीवर ताईंच्या हाताखाली उभं राहायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली.

झिलई लावलेली बरणी तासाभरात निखाऱ्यासारखी लाल व्हायची. ताई ती लांब सांडशीनं बाहेर काढायच्या आणि उसाचं वाळलं पाचट भरलेल्या डब्यात ठेवायच्या. लगेच माणसाएवढा जाळ उठायचा, आणि तो उठत असतानाच मी डब्यावर झाकण दाबायचं. धूर आत कोंडला की झिलईवर काळ्या रेघांची बारीक जाळी उमटते. ती जाळी पाहून ताई हरखून जायच्या. मला तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसण्यापलीकडे काही सुचायचं नाही.

पहिली बरणी तयार झाली तेव्हा मामांनी सवयीनं तिच्यात पाणी ओतलं आणि समोर बसून राहिले. थोड्या वेळानं बूड ओलं झालं.

"ताई, ही पाझरती."

"मामा, हिच्यात पाणी नाही भरायचं. नुसती बघायची."

मामांनी बरणी पालथी करून पाणी ओतून दिलं. घरी येताना वाटेत एकदा स्वतःशीच म्हणाले, "बघायची."

दीड वर्ष असंच गेलं. पहाटे नवऱ्याचा डबा, मग पाणी, भाकरी, तान्ह्या लेकीचं आवरणं, मग माती. ती वाळवायची, कुटायची, भिजवायची, बारीक चाळणीतून गाळायची, तुडवायची. दुपारी भट्टी. केसांना धुराचा वास इतका बसला की धुऊनही जायचा नाही. अंग कधी दुखतं आणि कधी नाही, हे कळेनासं झालं होतं.

मग पुण्यातल्या एका हॉटेलसाठी तीस बरण्यांचं काम आलं. महिनाभर आम्ही तिघं त्यातच होतो. एका दिवशी माती गाळताना माझे हात पुढे जाईनात. बारीक चाळणीतून चिखल थेंबाथेंबानं उतरत होता. मी उठले, खुंटीवरची माठाच्या मातीची मोठ्या भोकांची चाळणी काढली आणि उरलेली सगळी माती तिच्यातून गाळली. आमच्याकडच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, आणि भाजल्यावर ते हवेतली ओल पिऊन फुगतात, भांड्याचा टवका उडवतात. मला ते ठाऊक होतं. तरी गाळली.

बरण्या भाजून निघाल्या तेव्हा सुरेख दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी ताईंचा निरोप आला. आम्ही गेलो, तर फळीवर ओळीनं ठेवलेल्या निम्म्या बरण्यांचे वाटाण्याएवढे टवके उडालेले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाला पांढरा ठिपका.

"मामा, मातीत काय होतं हे?" ताईंनी विचारलं.

 मामांनी एक बरणी हातात घेतली, खड्ड्यावरून अंगठा फिरवला.

"माझी नजर चुकली, ताई. वय झालं. पुन्यांदा करून देतो."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मातीत उतरले. सत्तरीचा माणूस, भिंतीला हात टेकून चिखल तुडवत होता. मी तुडवते म्हटलं तर, "तू बस," एवढंच. दोन दिवस मी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

"मामा, माती मी मोठ्या चाळणीतनं गाळली व्हती."

"ठावं हाय मला."

"कवा कळलं?"

"खडा बघितला तवाच. बारक्या चाळणीतनं येवढा खडा येत न्हाई."

"मग ताईंपुढं तुमी का घेतलं सोतावर?"

मामा पाय उचलत, टेकवत राहिले. म्हणाले, "दमली व्हतीस तू. आन् मला दिसत व्हतं. मी बी गप बसलोच की."

मला रडू आलं नाही. घराच्या पायऱ्यांवर बसले, तर उठवेना. त्या दिवशी संध्याकाळची भाकरी मामांनीच थापली. जाड झाली होती.

मी ताईंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातली सांडशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मीही तुला कधी विचारलं नाही, झेपतंय का म्हणून." बरण्या तीन आठवडे उशिरा गेल्या. हॉटेलवाल्यांनी घेतल्या.

त्या कामानंतर मामांचे गुडघे कायमचे धरले. चाकावर ते पुन्हा बसले नाहीत. ताईंनी वर्षभर विकतची तयार माती आणून स्वतः बरण्या काढल्या, मी भट्टीवर जात राहिले. मग त्यांच्या आईचं आजारपण निघालं. त्या पुण्याला गेल्या आणि जागा विकली. जाताना भट्टी कुणाला हवी का म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

त्या उन्हाळ्यात मी दुपारची झोपायला लागले. जेवण झालं की मधल्या खोलीत थंड फरशीवर आडवी व्हायचे ते चार वाजेपर्यंत. लेक रडायला लागली की मामा तिला बोटाला धरून अंगणात न्यायचे आणि जाताना दार ओढून घ्यायचे.