आधी पूज्य

मनूबाईंचा उभा जन्म ठाण्याच्या बाजारात मासळी विकण्यात गेला. घर चेंदणी कोळीवाड्यात. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, पुतण्याच्या दोन खोल्यांत त्याचीच चार पोरं. मग त्या आपणहून खाडीपलीकडे, कळव्याच्या वृद्धाश्रमात राहायला आल्या. बाजारात पोलिसालाही न भिणारी ही बाई आश्रमात मात्र एका वस्तूला भ्यायची. फोनला.

चकतीचा जुना काळा फोन ऑफिसात असायचा, तोवर काही अडलं नाही. त्र्याण्णव साली बटणांचा नवा फोन आला आणि त्याच्याबरोबर खोल्याखोल्यांत इंटरकॉम. व्यवस्थापिका सरोजताईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून तो कसा चालवायचा ते सांगितलं. मनूबाईंनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण एवढ्या लोकांत पुन्हा विचारायची लाज वाटली. पुढे एकदा फडक्याने पुसताना बटण दाबलं गेलं आणि आत कसलासा भोंगा वाजायला लागला. सरोजताई म्हणाल्या, हात लावू नका, सगळी लाईन बिघडेल. त्या दिवसापासून त्यांनी फोनकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यांच्या खोलीत विमलाबाई राहायच्या, कल्याणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना मधुमेह होता. एके दुपारी आश्रमातली सगळी मंडळी एका विश्वस्तांच्या घरच्या लग्नाला गेली होती. विमलाबाईंना सकाळपासून मळमळत होतं, म्हणून त्या राहिल्या. गुडघ्यामुळे मनूबाई राहिल्या. वरच्या मजल्यावर अर्धांगाचा झटका आलेले परशुराम होते, रेल्वेतले जुने कारकून. ते आजारापासून खाली उतरलेच नव्हते. महिन्यापूर्वी एक आजोबा वाट चुकून थेट दिवा स्टेशनला पोचले होते, त्यामुळे जाताना सरोजताईंनी बाहेरच्या जाळीला कुलूप घातलं आणि तासाभरात येते म्हणून सांगितलं.

विमलाबाई जेवल्या नाहीत, पण साखर उतरवायची गोळी मात्र नेमाने घेऊन बसल्या. थोड्या वेळाने त्या काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. अंग घामाने चिंब झालं आणि बघता बघता त्या पलंगावर कलंडल्या. मनूबाईंनी हलवलं, गालावर थापट्या मारल्या. विमलाबाईंचे डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. मनूबाई लंगडत जाळीपाशी गेल्या, ओरडल्या. समोर इमारतीचं काम चाललं होतं. खडी मिसळायच्या मशीनपुढे त्यांचा आवाज कोणालाच गेला नाही.

राहिला तो फोन.

डॉक्टरांचा नंबर भिंतीवर ठळक आकड्यांत लिहिला होता. आकडे मनूबाईंना येत होते. त्यांनी पदराला हात पुसून रिसीव्हर उचलला आणि पहिलं बटण दाबलं, पाचाचं. पुढची बटणं शोधून शोधून दाबतायत, तोच पलीकडे घंटा वाजली आणि जड, अडखळता आवाज आला.

"डॉक्टर?" मनूबाई ओरडल्या. "बाई पडल्यात! लवकर या!"

"मी... परशुराम. वरचा. पाच नंबर."

बाहेरच्या जगाला केलेला फोन घरातच वाजला होता. काय झालं ते मनूबाईंनी एका दमात सांगितलं. परशुरामांची जीभ झटक्यानंतर जड झाली होती. ते एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तो काही केल्या मनूबाईंना उमगत नव्हता.

"काय? नीट बोला!"

परशुरामांनी शब्द बदलला. मग एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "पूज्य. आधी पूज्य दाबा. मग नंबर."

झिरो कळला नव्हता, पूज्य म्हटल्यावर कळलं. बाजारात शून्याला पूज्यच म्हणायचे.

"आता फोन ठेवा," ते म्हणाले.

ते मात्र मनूबाईंच्याने होईना. बंद घरात तेवढा एकच माणसाचा आवाज होता. पण पलीकडून खट् झालं. त्यांनीच ठेवला होता.

मनूबाईंनी पूज्य दाबलं. आतला सूर बदलला. एकेक आकडा भिंतीवरून डोळ्यांत धरून त्या बोटाने शोधत गेल्या. फोन कंपाउंडरने उचलला. डॉक्टर लाईनवर येईपर्यंत मनूबाईंना पलंगावरचा श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच येईनासा व्हायचा. डॉक्टरांनी विचारलं, गिळता येतंय का. नाही म्हटल्यावर म्हणाले, पाणी अजिबात पाजू नका, कुशीवर वळवा, साखर बोटाने गालाच्या आतून चोळा, मी निघालोच.

रिसीव्हर तसाच लोंबकळत टाकून मनूबाई साखरेचा डबा घेऊन पलंगावर चढल्या. विमलाबाईंचे दात आवळलेले होते. मासळी साफ करून राठ झालेलं बोट त्यांनी गालफडातून आत सारलं आणि चोळत राहिल्या. पुन्हा साखर, पुन्हा बोट. "बाई, जायचं नाय हां. मी हितं हाय."

जिन्यात काहीतरी घासटत असल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून दारातून पाहिलं. परशुराम एकेका पायरीवर बसत, चांगल्या हाताने कठडा धरून खाली सरकत होते. त्यांनी वरून मनूबाईंना पुन्हा फोन लावला होता, पण तो सारखा एंगेजच येत होता, म्हणून ते निघाले होते. त्यांच्या कोपराची सालं निघाली होती.

डॉक्टर आले तेव्हा विमलाबाई कण्हायला लागल्या होत्या. डॉक्टरांच्या रिक्षावाल्याने दगडाने कुलूप फोडलं. इंजेक्शननंतर विमलाबाईंनी डोळे उघडले आणि तोंड एवढं गोड का लागतंय म्हणून विचारलं. मनूबाईंना रडू आलं ते तेव्हा.

सरोजताई परतल्या आणि फुटलेलं कुलूप बघून मटकन खाली बसल्या. त्यांना कोणी बोललं नाही, पण तेव्हापासून एक किल्ली आत राहू लागली. परशुरामांना परत वर नेणं जमेना, म्हणून त्यांना खालचीच खोली मिळाली.

मनूबाईंची भीती मात्र गेली नाही. दुपारी सगळे निजले की त्या फोनपाशी जायच्या, रिसीव्हर उचलायच्या, पूज्य दाबून आतला सूर बदलतो का ते ऐकायच्या आणि जपून परत ठेवायच्या.