सायकलीला घातलेलं नंदादीपाचं तेल

आमची शरू वैशाखात तापाने गेली. चार वर्षांची होती. आषाढात माझी पत्नी तिच्या माहेरी, दुधनीला गेली आणि परत आलीच नाही. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, असं मला पुढे पुढे वाटायला लागलं. भांडणाला निदान समजूत असते. सासऱ्यांना निरोप पाठवला तर "तिचं मन होईल तेव्हा येईल" एवढंच उत्तर आलं. मग मीही हट्टाला पेटलो. दुःख काय तिला एकटीलाच झालंय, असं मनात घोळवत एकटाच भाकरी थापू लागलो. पण संध्याकाळी कचेरीतून आलो की दाराशी उभा राहून क्षणभर आतली चाहूल घेत असे. दाराला कुलूप असे, आणि ते सकाळी मीच लावलेलं असे.

देवपूजा चालू होती, पण हात जोडले की पुढे शब्द फुटत नसे. शरूसाठी मागून झालं होतं आणि ते मिळालं नव्हतं. आता पत्नीसाठी मागावं आणि त्यालाही नाही म्हटलं तर मग कुणाकडे जायचं? देव आहे यावर माझा विश्वास होता, पण भरवसा राहिला नव्हता. दर पौर्णिमेला सोलापूरहून अक्कलकोटला सायकलीवर जाऊन स्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, असा माझा नेम होता. शरू गेल्यापासून तोही मोडला होता.

सायकलीबद्दल थोडं सांगायला हवं. मी एका गिरणीच्या कचेरीत कारकून, सात रस्त्याजवळ बिऱ्हाड. लोक मला ओळखत ते मात्र सायकलवाला म्हणून. कुणाला सायकल घ्यायची असली की ते मला विचारायला येत, आणि न विचारता मी सांगत असे ते वेगळंच. चकचकीत दांडी बघून भुलू नये, चाक हवेत फिरवून बघावं, डुललं तर दुकानदाराला रामराम करावा. सीट अशी असावी की पायडल खाली गेलं की गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. आपले लोक पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती इतकी खाली घेतात की बेडूक बसल्यासारखे दिसतात. धोतराला क्लिप लावायला लाजू नये, साखळीत धोतर गेल्यावर जी लाज जाते ती मोठी असते. बाभळीचे काटे तर आमच्या मुलखात पाचवीला पुजलेले. मडगार्डाला बारीक तार बांधावी, टायरला जेमतेम घासेल अशी. काटा रुतायच्या आत उडून जातो. बैलगाडीच्या मागून घंटी वाजवू नये, बैल बुजतात, त्यापेक्षा खाकरावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला घरातलं तेल घालू नये. आमच्याकडे घरोघर करडईचं तेल. भाकरी-चटणीवर ते अमृत, पण यंत्रात गेलं की वाळून डिंकासारखं चिकटतं.

एवढं सगळं सांगणाऱ्या माणसाने त्या दसऱ्याला काय केलं ते ऐका. नवरात्रात घटापुढे अखंड नंदादीप ठेवायची आमच्या घरची रीत. तो सांभाळायची माझी पत्नी. त्या वर्षी मी सांभाळला. कचेरीत बसलो तरी जीव त्या ज्योतीपाशी असायचा. तो विझला तर ती कधीच परत येणार नाही, असं काहीतरी वेडं माझ्या मनाने घेतलं होतं. दिवा विझला नाही. दसऱ्याला सायकल धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेही दरवर्षी तीच करायची, आणि घंटीवर कुंकू लावताना शरू घंटी वाजवायची. यंत्राच्या तेलाची बाटली बघतो तर रिकामी, आणि सणामुळे दुकानं बंद. नंदादीपात तळाशी तेल उरलं होतं. देवापुढे नऊ दिवस जळलेलं तेल म्हणजे प्रसादच, ते काय वाईट करणार, असं म्हणून मी ते थेंब थेंब फ्रीव्हीलमध्ये सोडलं. तेल करडईचंच होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची आळीभर चेष्टा केली असती.

दिवाळी आली. शेजारच्या अंगणात पणत्या घासायला काढलेल्या दिसल्या आणि मला घरात बसवेना. वसुबारसेला पहाटे सायकल काढली. दुधनीला जायचं असं म्हणायची माझी अजून तयारी नव्हती. अक्कलकोटला जाऊ, समाधीपुढे उभं राहून विचारू, तिथून पुढे दुधनीला जाऊ की मागे फिरू. मनात जे येईल तो कौल. खरं सांगायचं तर मागे फिरायचा कौल आला तर बरं, असंच वाटत होतं. गेलो आणि ती माझ्यासमोरच नाही म्हणाली, तर वाट बघायलासुद्धा काही उरणार नव्हतं.

कुंभारी गाव मागे पडलं. समोरून पूर्वेचा वारा होता, दोन्हीकडे गुडघ्याएवढी ज्वारी. वळसंगच्या पुढे एका चढावर पायडल मारलं तर पाय सरकन खाली गेला, चाकाला काही लागेचना. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. फ्रीव्हीलच्या आत बारीक खिट्ट्या असतात, दुकानदार त्यांना कुत्री म्हणतात. ती उसळून दात धरतात म्हणून चाक फिरतं. माझी कुत्री नंदादीपाच्या तेलात धूळ कालवून झोपली होती. घासलेटने धुतल्याशिवाय ती उठणार नव्हती आणि त्या माळावर घासलेट कुठून मिळणार? मी सायकल ढकलत निघालो. हाच कौल, असंही मनात आलं. देवाने दिव्याच्या तेलानेच वाट अडवली, मग जायचं कशाला?

थोडं पुढे एका बाभळीखाली एक धनगराची म्हातारी उभी होती. मेंढरं लांब चरत होती आणि तिच्या पायाशी एक मेंढी बसलेली. तिने माझ्याकडे आणि सायकलीकडे पाहिलं.

"सायकल मेली का काय, बाबा?"

"मेली नाही आजी, आजारी आहे. घोटभर घासलेट मिळालं तर उठेल."

"माज्यापाशी न्हाय. त्या पल्याडच्या वस्तीवर असंल. मी आनते की. तवर हिच्यापाशी बस." तिने मेंढीकडे बोट केलं. "हिचं कोकरू गेलंय. चरत न्हाय, कळपात येत न्हाय. एकली सोडली तर लांडगं हायती."

"मी काय करायचं?"

"काय बी करू नगंस. हाकलू नगंस, वडू नगंस. नुसता बस."

"आणि उठली नाही तर?"

"न्हाय तर न्हाय. तिच्या मनानं उटंल की," असं म्हणून ती चालायला लागलीसुद्धा.

सासऱ्यांनीही हेच कळवलं होतं आणि तेव्हा मला राग आला होता. मी मेंढीजवळ बसलो. पण मी पडलो सल्ले देणारा माणूस. नुसतं बसणं मला कुठून जमणार? ज्वारीचा हिरवा पाला आणून तिच्यापुढे धरला. तिने तोंड फिरवलं. चुचकारलं, पाठीवर थोपटलं, तर ती अंग चोरून बसली. अधूनमधून मान वर करून एकाच दिशेला बघून ती ओरडायची. आवाज मोठा नव्हता. मग थांबून कान द्यायची. कुठूनही उत्तर यायचं नाही. पुन्हा मान खाली.

शरू गेल्यावर माझी पत्नी मागच्या दाराशी अशीच बसायची. मी तिला किती सांगितलं. जेव, ऊठ, केस विंचर, देवळात जाऊन ये, शेजारणीकडे जाऊन बस. सीट किती उंच असावी हे लोकांना सांगतो, त्याच सुरात तिलाही सांगत होतो. तिच्याजवळ बसलो मात्र नव्हतो. बसलो असतो तर मलाही तीच हाक ऐकू आली असती, आणि त्या हाकेला उत्तर येत नाही हेही कळलं असतं. त्याचीच मला भीती होती. त्या बाभळीखाली मी पोटभर रडलो. शरू गेल्यापासून पहिल्यांदाच. मेंढीने माझ्याकडे पाहिलं नाही, पण अंगही चोरलं नाही.

म्हातारी करवंटीत घासलेट घेऊन आली. मी चाक आडवं करून फ्रीव्हील धुतलं. काळा चिकटा बाहेर आला आणि कुत्री टकटक बोलायला लागली. मेंढी अजून बसलेलीच होती. मी तसं म्हणालो तर म्हातारी म्हणाली, "बसू दे. तू जा, उनं झाली."

अक्कलकोटला पोचलो तेव्हा दुपारचा नैवेद्य होऊन गेला होता, गर्दी नव्हती. समाधीपुढे उभा राहिलो. वाटभर घोकलेला प्रश्न होता, पण तो विचारावासा वाटेना. डोकं टेकलं आणि "तुमच्या मनाला येईल तसं" एवढं म्हटलं. इतक्या महिन्यांनी देवापुढे तोंडातून निघालेलं तेच पहिलं वाक्य. बाहेर येऊन सायकलीवर बसलो आणि दुधनीची वाट धरली.

दिवेलागणीला सासुरवाडीच्या दारात पोचलो. सासूबाई कानडीत "बर्री, बर्री", या या, म्हणत पाणी घेऊन आल्या आणि आत वळून त्यांनी लेकीला "गौरव्वा" अशी हाक मारली. माझी पत्नी सोप्यात वाती वळत बसली होती. वाळली होती. चल, हा शब्द जिभेवर होता. मी तो गिळला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती वाती वळत राहिली. हातातली वात पुरी करून म्हणाली, "जेवला न्हाई न्हवं?" मी म्हणालो, नाही. त्या रात्री आमचं एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशीही मी तसाच बसलो. सासरे मला काही कामं सुचवत होते, पण मी तिथून हललो नाही.

रजा संपत आली तसा मी निघालो. वारा परतताना तरी पाठीवर मिळेल म्हणून सायकलीवरच जायचं होतं. तिने मला वाकून नमस्कार केला, मी सायकल हातात धरून बाहेर आलो, तर ती बरोबर चालू लागली. वेशीपर्यंत सोडायला येते आहे, असं मला वाटलं. वेशीवरचा मारुती आला. तिने हात जोडले आणि ती पुढे चालत राहिली. मला विचारायचं होतं, फार विचारायचं होतं. मी विचारलं नाही आणि सायकलीवरही बसलो नाही. चालता चालता ती स्टेशनच्या वाटेला वळली, तसा मीही वळलो. फलाटावर ती बाकावर बसली, मी सायकल खांबाला टेकवून शेजारी बसलो. लांब इंजिनाचा धूर दिसला.

"शरूला इंजिनाचं भ्या वाटायचं," ती म्हणाली.

वैशाखानंतर आमच्या दोघांत ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"भीती नव्हती," मी म्हणालो. "तिला वाटायचं ते आपल्याशी बोलतंय."

"व्हय," ती म्हणाली. "मग ती बी वरडून जाब द्यायची." ती हसली आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "जावा, तिकीट काडा."

मी खिडकीशी गेलो. आदल्या दिवाळीला आम्ही याच खिडकीवरून परतीची तिकिटं काढली होती. सवयीने तोंडातून गेलं, "सोलापूर, दोन आणि एक अर्धं." बाबूने वाकून मुलाला शोधलं. मागून माझी बाही कुणीतरी धरली. ती केव्हा उठून आली होती कोण जाणे.

"दोनच द्या," ती बाबूला म्हणाली.

पुढे मार्गशीर्षात मी त्या बाभळीपाशी जाऊन पाहिलं. मेंढरं हलली होती. धनगरांचं काय, आज इथे तर उद्या तिथे. मेंढी उठली की नाही ते मला कळलं नाही. ऐकणारे म्हणतात, ते स्वामीच म्हातारीच्या रूपाने आले. मी वाद घालत नाही. मला ती म्हातारी होती तशीच पुरेशी आहे. देवाकडे मी अजूनही मागतो, पण मागून झालं की लगेच उठत नाही. थोडा वेळ नुसता बसतो. शरूची ओढ कमी झालेली नाही. दिवाळी आली की आम्ही दोघंही एकाच दिशेला कान देतो आणि कुठूनही उत्तर येत नाही. पण आता कान देताना शेजारी कुणीतरी असतं. स्वामी, तेवढं तुम्ही दिलंत.