पायरीबाईंची उजळणी

बाईंना शाळेत सगळे पायरीबाई म्हणत. अर्थात तोंडावर नाही, पाठीमागे; पण शाळेतली पाठ ती केवढी, सगळं ऐकू येतंच. गणित कितीही बरोबर आलं तरी मधली एखादी पायरी गाळली की बाई लाल पेनाने तिथे एक भलंमोठं वर्तुळ काढायच्या आणि विचारायच्या, "इथून इथे काय उडत आलास?" त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, एक जण विमानही चालवतो, पण भाजी आणायला निघालेल्या बाई समोरून आल्या की ती अजून नकळत शर्टाचं वरचं बटण लावतात.

तर अशा या बाई परीक्षेला जेमतेम दीड महिना उरलेला असताना शाळेच्या मागच्या जिन्यावरून उतरताना एक पायरी चुकल्या आणि घोटा मोडून बसल्या.

शाळा हसली नाही असं म्हणणं खोटं होईल. शिपाई हसला, चित्रकलेचे सर हसले, दहावीचा वर्ग तर दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी मात्र वर्गाच्या लक्षात आलं की आता उजळणी कोण घेणार, आणि हसू आपोआप ओसरलं.

बाईंच्या घरी दोनच माणसं. एक बाई, दुसरे त्यांचे यजमान. यजमानांची सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. म्हणजे घरात चुका काढणारी माणसं दोन, आणि चुका करायला तिसरं कोणी नाही. मुलगी होती तोवर ती बिचारी पुरी पडत होती, पण ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेली. जाताना बाबांना एक टॅबलेट देऊन गेली. यजमान त्यावर दुपारभर जुनी यंत्रं उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघत. स्वतः त्यांनी कधी साधा स्क्रूही पिळला नव्हता.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या वयाने बाईंहून लहान, त्यामुळे हुकूम सोडतानाही विनंतीचा सूर लावायच्या.

"बाई, तुम्ही आराम करा. फक्त एक करा. इंटरनेटवर उजळणीचं पुष्कळ साहित्य असतं म्हणे. त्यातलं चांगलं तेवढं निवडून मुलांना पाठवा. बसल्या जागी होण्यासारखं काम आहे."

"मी बसले नाहीये, मला बसवलंय," बाई म्हणाल्या. "आणि ते साहित्य बघणार कोण?"

"तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. वर्गात कोणी मोबाइलवर उत्तर शोधताना सापडला तर त्याला त्या वर्षभर त्यावरून टोमणे मारायच्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही परका, हे काही त्यांना पटत नव्हतं. पण पाय स्टुलावर, त्याभोवती प्लास्टर, आणि डोळ्यासमोर घाबरलेला वर्ग. दुधाची तहान ताकावर भागवायची, तर निदान ताक आंबट नाही एवढं तरी बघायला हवं, असं म्हणून त्यांनी यजमानांपुढे हात केला. यजमानांनी टॅबलेट दिला. एका पंपाची दुरुस्ती अर्ध्यावरच राहिली.

पहिल्याच व्हिडिओत एक तरुण उड्या मारत आला. रंगीत शर्ट, हातात जाड मार्कर, आणि तोंडाने म्हणतोय की वर्गसमीकरण म्हणजे हातचा मळ. बाईंनी चष्मा नीट केला. तरुणाने समीकरण लिहिलं आणि तिसऱ्या ओळीला उत्तर.

"अरे थांब," बाई म्हणाल्या.

तो थांबला नाही.

"थांब म्हणते ना. मधलं पद कसं फोडलंस ते दाखव आधी."

"अगं, त्याला ऐकू येत नाही," यजमान म्हणाले. "इथे बोट लाव, म्हणजे थांबतो."

बाईंनी बोट लावलं. तरुण तोंड उघडं ठेवून, एक पाय हवेत, जागच्या जागी थिजला. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं वर्गात उभ्या राहिल्या, पण असं एकही बटण त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी त्या पोराला किती वेळा थिजवलं याची गणती नाही. थिजवायचं, बोलायचं, पुन्हा सोडायचं. त्याचं नाव त्यांनी उडीमास्तर ठेवलं. यजमान स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले तेव्हा बाई त्याला सांगत होत्या, "अक्षर चांगलं आहे हो तुझं. घाई कशाला मग?"

दुसऱ्या दिवशी त्यांना सरावचाचण्या सापडल्या. दहा प्रश्न, उत्तर टाइप करायचं, लगेच गुण. मुलांना द्यायच्या आधी आपण एक चाचणी सोडवून बघावी म्हणून बाई सरसावल्या. शेवटी पडद्यावर एक चित्रातलं अस्वल आलं आणि टाळ्या वाजवत म्हणालं की दहापैकी सहा, छान प्रयत्न, चुकांमधूनच आपण शिकतो.

यजमान मागेच उभे होते. "सहा?" ते म्हणाले. "म्हणजे नापास नाही झालीस."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

मग बाई चुकांच्या मागे लागल्या. एका ठिकाणी त्यांनी 'अर्धा' हे अपूर्णांकात लिहिलं होतं, यंत्राला दशांश हवा होता. एका ठिकाणी त्यांनी इमानेइतबारे 'सेंमी' लिहिलं होतं, त्याला नुसता आकडा हवा होता. तिसऱ्या ठिकाणी आकडा देवनागरीत होता म्हणून तो त्याला आकडाच वाटला नाही. बाईंचा राग चढत गेला. जन्मभर एकक लिहा म्हणून मुलांच्या मागे लागायचं, आणि ह्या अस्वलाने त्याचेच गुण कापायचे. मग त्यांनी चुकलेला चौथा प्रश्न उघडला. त्यात बागेभोवतीच्या कुंपणाची लांबी विचारली होती. बाईंनी बागेचं क्षेत्रफळ काढलं होतं. पायऱ्या सगळ्या होत्या, एकक होतं, गुणाकार बरोबर होता. फक्त प्रश्न वाचला नव्हता.

बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. फळ्यासमोर उभं राहून चुकण्याची सवय त्यांना कॉलेजनंतर उरली नव्हती. किती पोरांना त्यांनी "डोळे कुठे ठेवले होतेस" म्हणून भर वर्गात उभं केलं होतं. त्यांनी हळूच दाराकडे पाहिलं, यजमान दिसत नाहीत याची खात्री केली, आणि चाचणी पहिल्यापासून सोडवली. या वेळी अस्वलाने फुगे सोडले. बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"यंत्राचाच घोळ होता," त्यांनी चहाच्या वेळी जाहीर केलं.

"चारही ठिकाणी?" यजमानांनी विचारलं.

"चहात साखर कमी आहे," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मात्र त्यांनी काम मनावर घेतलं. सकाळी आंघोळ उरकून, वेणी घालून, शाळेत निघाल्यासारख्या त्या सोफ्यावर बसत आणि व्हिडिओंची हजेरी घेत. कुणाचा आवाज बरा पण फळा पुसायची घाई. कुणी पहिला निम्मा वेळ स्वतःचंच कौतुक सांगण्यात घालवणारा. एका संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह होत्या, पण शंकूच्या घनफळात तिनाने भागायचंच राहून गेलं होतं. बाईंनी खाली सगळ्या पायऱ्यांसह दुरुस्ती लिहिली. संध्याकाळी उत्तर आलं, "थँक्यू दादा, बदल केला." यजमान हसून हसून बेजार झाले. दोन दिवस ते बाईंना चहा देताना "घ्या दादा" म्हणत होते.

अखेर यादी तयार झाली. प्रत्येक धड्याला एक व्हिडिओ, एक सरावसंच, एक जुनी प्रश्नपत्रिका. उडीमास्तर दोन धड्यांना मिळाला, कारण भूमितीत तो उड्या मारत नसे. सोबत बाईंनी एवढा लांब सूचनांचा निरोप लिहिला की तो वाचेपर्यंत परीक्षा होऊन जावी. यजमानांनी तो तपासला, सात ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, आणि मग तो वर्गाच्या गटावर गेला.

उत्तरादाखल अंगठ्यांची रांग लागली.

"हे काय?" बाईंनी विचारलं. "एवढे अंगठेबहाद्दर कसे झाले माझ्या वर्गात?"

"अगं, म्हणजे मिळालं, आवडलं असं."

"मग तसं लिहायला काय होतं?"

आठवडा गेला. कोणी काही विचारेना. बाईंना हे लक्षण बरं वाटेना. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शंकासूर म्हणायचे, कारण बाईंनी खडू उचलला की तिचा हात वर. तिचीही एक शंका येईना, म्हणजे काहीतरी नक्की बिघडलं होतं. शेवटी बाईंनीच तिला फोन लावला.

"व्हिडिओ बघतेस का गं?"

"हो बाई. सगळे बघितले. काही तर दोनदा."

"कळतात?"

"कळतात बाई. बघताना सगळं कळतं. मग वही उघडली की कुठे जातं तेच कळत नाही."

खरं सांगायचं तर बाईंना आतून थोडा आनंदच झाला. उडीमास्तर अगदीच आपल्या पोटावर पाय देणार नाही, एवढं तरी ठरलं. पण लगेच त्यांना पोरीच्या आवाजातली भीती ऐकू आली आणि आनंद आवरता घ्यावा लागला. त्या दुपारी त्यांनी टॅबलेट उघडलाच नाही. यजमानांना वाटलं पाय दुखतोय.

दुसऱ्या दिवशी वर्गाला नवा निरोप गेला. या वेळी तो दोन ओळींचा होता. 'व्हिडिओ बघायचा नाही, तपासायचा. कोणती पायरी गाळली ते शोधा आणि स्वतः लिहून, फोटो काढून पाठवा.'

दुसऱ्याची चूक काढायला कोणाला आवडत नाही? ज्या पोरांनी स्वतःच्या वहीत आयुष्यात पायरी लिहिली नव्हती, ती उडीमास्तरच्या पायऱ्यांवर तुटून पडली. फोटोंवर फोटो येऊ लागले. "बाई, इथे त्याने कंस उघडलाच नाही." "बाई, ह्याने प्रमेयाचं कारण लिहिलं नाही." वर्गातला सगळ्यात आळशी मुलगा, जो उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचाही कंटाळा करायचा, त्याने एका व्हिडिओची चूक काढायला पानभर लिहिलं. ती चूक नव्हतीच, पण पानभर लिहिलं होतं. आणि शंकासूर मुलीने तर एके दिवशी बाईंच्याच यादीतल्या सरावसंचातलं उत्तर चुकीचं आहे म्हणून कळवलं. बाईंनी तपासलं. पोरगी बरोबर होती. हा संच बाईंनी स्वतः तपासून पाठवलेला. त्यांनी तिला लिहिलं, 'बरोबर. माझ्या नजरेतून सुटलं.' पाठवायच्या आधी यजमानांना दाखवलं.

"शुद्धलेखन ठीक आहे," यजमान म्हणाले.

चार वाजता रोज तासभर बाई पडद्यावर येऊ लागल्या. यजमान टॅबलेट धरून उभे राहत, बाई कागदावर गणित सोडवत, आणि मुलांना कधी कागद दिसे, कधी प्लास्टर, कधी यजमानांचं नाक. "काका, जरा डावीकडे," असा आवाज आला की यजमान उजवीकडे सरकत. तरी कोणी तास बुडवला नाही.

परीक्षा झाली, निकाल लागला. कोणी जगज्जेता निघाला नाही. दोघं नापास झाले, ते दर वर्षी कोणीतरी होतंच. आळशी मुलगा काठावर पास झाला आणि त्याच्या घरी तो पहिला आल्यासारखं वातावरण झालं. शंकासूर मुलीला चांगले गुण मिळाले, पण कापलेल्या दोन गुणांबद्दल तिने बाईंना फोन केला. मुख्याध्यापिकांनी पुढच्या वर्षी सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन साहित्याबद्दल मार्गदर्शन करा म्हणून गळ घातली. बाईंनी आधी आढेवेढे घेतले आणि मग किती वेळ मिळेल ते विचारून घेतलं.

प्लास्टर निघालं. टॅबलेट यजमानांकडे परत गेला. एका दुपारी बाई पाहतात तर ते तो मिटून मांडीवर ठेवून बसलेले.

"काय झालं? पंप संपले का?"

"एक विचारू?" यजमान म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गणितातलं त्यांनी बाईंना कधी काही विचारलं नव्हतं. छापखान्यात गणिताची पुस्तकं आली की ती ते दुसऱ्या कोणाकडे सरकवायचे. "तुझ्या त्या तासांना टॅबलेट धरून उभा होतो ना, तेव्हापासून डोक्यात आहे. उणे गुणिले उणे, अधिक का होतं?"

'नियम आहे' हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. वर्गाला त्या तेच सांगायच्या. त्यांनी ते गिळलं आणि वर्तमानपत्राचा कोरा काठ त्यांच्यापुढे सरकवला.

"लिहा. उणे तीन गुणिले दोन."

"उणे सहा."

"गुणिले एक?"

"उणे तीन. मग शून्य." यजमान सुरेख, बारीक अक्षरात एकाखाली एक लिहीत गेले.

"प्रत्येक ओळीला किती वाढतंय?"

"तीन."

"मग पुढची ओळ. उणे तीन गुणिले उणे एक."

यजमान बराच वेळ त्या काठाकडे पाहत राहिले, एखादं मुद्रित तपासावं तसे. मग त्यांनी हळूच लिहिलं, तीन. आधी उण्याचं चिन्ह न लावता.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग मला शाळेत त्यावरून मारलं कशाला?"

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "आता गुणिले उणे दोन लिहा."