वरच्या मजल्यावरचा बर्फ

एप्रिल लागला तसा मी सकाळी उठून आधी मनालीचं हवामान बघायला लागलो. तोंड धुणं नंतर. करी रोडला किती तापलंय ते कळायला मोबाईल लागत नाही, अंगावरचं बनियन सांगतं. पण मनालीत ऊन आहे का ढग, ते बघितल्याशिवाय मला चहा जात नव्हता. मुलीने मोबाईलमध्ये ते घालून दिलं होतं. मग मी गॅलरीत उभा राहून अख्ख्या मजल्याला सांगायचो, "आज मनाली ढगाळ!" लोक दात घासता घासता माना हलवायचे. तळमजल्यावर माझा दोस्त राहतो, आम्ही एकाच मिलमध्ये घासलो. तो खालून ओरडायचा, "काय रे हवामान खातं, आज छत्री घेऊ का?"

हसू देत. मला बर्फ बघायचा होता. खरं म्हणजे बायकोला बघायचा होता. तिने आयुष्यात बर्फ बघितला तो मासळी बाजारात, पापलेटाखाली. टीव्हीवर बर्फ पडायला लागला की हातातलं काम टाकून बसायची. "माका ह्यो पडताना बघूचो हा," म्हणायची. मी म्हणायचो, बघू. दर वर्षी बघू. मे महिना आला की आपलं गाव. आंबे, फणस, घराची कौलं, भावकीची भांडणं. मे महिन्यात माणूस गावाला सोडून दुसरीकडे जातो, हे आमच्यात कोणाच्या डोक्यातच येत नाही. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. बघू म्हणणारा मी उरलो. ह्यावर जास्त लिहीत नाही. जमत नाही.

फेब्रुवारीत मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, ह्या मेमध्ये गाव नाही. आपण दोघं मनालीला जायचं. तिथून वर एक खिंड आहे, तिथे मेमध्येपण बर्फ असतो." दादरच्या एका टूरवाल्याकडे बुकिंग केलं, मेच्या पहिल्या आठवड्याचं. तिला ऑफिसातून तेवढीच सुट्टी होती आणि जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणजे चान्स एकच.

एप्रिल संपत आला तसा मनालीचा आकडा चढायला लागला. रोज ऊन. एका सकाळी पंचवीस दाखवलं. मनालीत पंचवीस, तर वर खिंडीत किती? आमच्या चाळीत दोस्ताला तळमजल्यावर दुपारची झोप लागते, आणि माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली माणसाचा पापड होतो. मिलमध्येही तेच. सूत कातायचं रिंगखातं सगळ्यात वर, तिथे आम्ही घामाने न्हायचो आणि खालचे साले मजेत. गरमी वर चढते, हे मला कोणी शिकवायला नको, सगळी हयात वरच्या मजल्यावर गेली. खाली पंचवीस तर वर पस्तीस धरा. कुठला राहतोय बर्फ! आम्ही पोचेपर्यंत नुसता चिखल.

मुलीला फोनसुद्धा केला नाही. शर्ट घातला आणि तडक दादर. टूरवाल्याच्या ऑफिसात एक पोरगी बसते.

"मॅडम, आम्हाला आधीच्या बॅचमध्ये टाका. उद्या म्हणा, परवा म्हणा."

"का काका, काय झालं?"

"वर बर्फ वितळतोय. खाली पंचवीस आहे, वर पस्तीस असणार."

"काका, वर गेलं की थंड होतं."

"तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"दुसऱ्या."

"वर पत्रा आहे का?"

"नाही, वर अजून पाच मजले आहेत."

"मग तुम्हाला काय कळणार!"

बाजूच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक रुमालात तोंड घालून हसलं. पोरगी नाही हसली, चांगल्या घरची असावी. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मनालीचा आकडा दाखवला, मग खिंडीचा. खिंडीच्या आकड्याआधी आडवी रेघ. "ही वजाची," ती म्हणाली, "शून्याच्या खाली. काका, डोंगराला पत्रा नसतो."

चौथी शिकलोय, पण वजा ओळखतो. मी असा टुणकन उठलो की गुडघा कळवळला ते मला मागाहून कळलं.

घरी येऊन दोस्ताला सांगितलं, तर तो जिन्यावर बसूनच हसला. "येड्या, गावाला जाताना घाटात एसटी चढली की थंडी वाजते ना? तेव्हा अक्कल कुठे ठेवली होतीस?"

"मला वाटायचं, पहाटेमुळे."

"आणि वहिनी शाल काढायच्या ती?"

काढायची. आधी माझ्या गुडघ्यांवर घालायची. मी जिना चढायला लागलो.

निघायला तीन दिवस राहिले आणि त्या पोरीचा फोन. मुलगी माझ्याकडेच होती, तिने स्पीकर लावला. "काका, अंदाज बदललाय. खिंडीकडे ढग येतायत, पाऊस आणि बर्फ दोन्ही. रस्ता बंद राहील, तुम्हाला वर जाता येणार नाही. बाकीच्यांनी पुढची तारीख घेतलीय. तुमचं काय करू?"

मुलीचं तोंड उतरलं. "बाबा, पुढची तारीख आपल्याला नाही जमणार. आणि गेलो तर बर्फापर्यंत पोचणार नाही."

मी फोनला तोंड लावून विचारलं, "मॅडम, बर्फ पडणार ना?"

"हो काका, पण वरती. रस्ता बंद..."

"रस्त्याचं सोडा. पडणार ना?"

"पडणार म्हणतायत."

"मग आम्ही येतोय!" मुलीला म्हटलं, "तुझी आई कधी खिंड म्हणाली? ती पडताना म्हणाली. रस्ता उघडा राहिला असता तर पडून शिळा झालेला बर्फ बघून आलो असतो." त्या दिवशी गॅलरीत मी एवढ्या मोठ्याने अंदाज सांगितला की समोरच्या टॉवरवालेही खिडकीत आले.

खिंडीच्या बऱ्याच खाली फाटक लावून गाड्या अडवल्या होत्या. नुसता पाऊस. ड्रायव्हर म्हणाला, यहीं तक. आम्ही तासभर गाडीत बसलो. मुलगी दोनदा म्हणाली, जाऊया का बाबा. मी काचेवरचे थेंब बघत होतो. बघता बघता थेंबांचा वेग कमी झाला. पाऊस कधी असा सावकाश पडत नाही. मी दार उघडून बाहेर पडलो. पांढरं होतं, शर्टावर पडत होतं आणि थोडा वेळ टिकत होतं.

आधी वाटलं, माझे कानच गेले. रिंगखात्यातल्या यंत्रांच्या आवाजाने ते कधीच खाल्लेत. एवढं आभाळ खाली येतंय आणि आवाज नाही? मुलीला विचारलं, "तुला काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही बाबा. हा पडतो तेव्हा कोणालाच काही ऐकू येत नाही."

हे टीव्हीवर कधी कळलं नव्हतं, तिथे मागे गाणं असतं. मग मी त्या पांढऱ्यात उभा राहून ओरडून ओरडून सगळं सांगायला लागलो, कसा सावकाश येतो, हातावर कसा लागतो, आवाज कसा नाही. कोणाला सांगतोय ते मुलीला कळलं, तिने मला थांबवलं नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता म्हणे.